तेउताचे वारस कोण, हा प्रश्नच चुकीचा आहे

मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्यावर, कोटोरच्या उपसागराच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, रिसान नावाचं छोटं गाव आहे. मागे ओर्येनचा चुनखडीचा डोंगर, पुढे शांत पाणी. या गावाबद्दल तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. इ.स.पू. तिसऱ्या शतकातली इलिरियन राणी तेउता हिचा शेवटचा आसरा इथे होता; इलिरियन म्हणजे एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचे प्राचीन लोक. रोमनांपुढे हरल्यावर तिने जवळच्या लिप्सीच्या कड्यावरून उडी घेतली. आणि तिचं नगर आज उपसागराच्या तळाशी आहे. या गोष्टींवरून जो वाद घातला जातो, तो फार वाईट पद्धतीने घातला जातो. एक बाजू म्हणते, तेउता चाच्यांची म्होरकी होती, ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसने ते लिहून ठेवलंय, बाकी सगळ्या गावगप्पा. दुसरी बाजू म्हणते, ती आमची पूर्वज, आमची पहिली स्वातंत्र्यवीर. या ‘आमची’मध्ये अल्बेनियन येतात, मॉन्टेनेग्रोतले लोक येतात, अधूनमधून क्रोएशियनही येतात. अल्बेनियाने तर 2000 साली 100 लेकच्या नाण्यावर तिचा चेहरा काढला.

दोन्ही बाजूंची चूक मुळात एकच आहे. जुन्या गोष्टीला त्या सातबारा समजतात आणि मग त्यावर नाव कुणाचं लागतं एवढ्यासाठी भांडतात. माझं म्हणणं असं की पॉलिबिअसचा मजकूर आणि गावची आख्यायिका या दोघांनाही एकच कसोटी लावावी: हे कोणी सांगितलं, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि कुणाला ऐकवण्यासाठी? ही कसोटी लावली तर तेउता लहान होत नाही, गावही होत नाही. उलट आज ज्यांचं नावही कुणी घेत नाही अशी रिसानची माणसं आणि देव पुढे येतात.

आधी पॉलिबिअस काय सांगतो ते नीट पाहू, कारण त्याचा हवाला देणारे बरेचदा दोन वाक्यांपलीकडे जात नाहीत. इ.स.पू. 231 मध्ये आर्डियन या इलिरियन जमातीचा राजा आग्रॉन याने मॅसिडोनच्या देमेत्रिअस दुसऱ्याच्या सांगण्यावरून 100 नौका आणि 5,000 माणसं पाठवून ग्रीसमधल्या मेदिऑन शहराला एटोलियन या ग्रीक संघाच्या वेढ्यातून सोडवलं. विजयाच्या मेजवान्यांनंतर तो फुफ्फुसाच्या आजाराने मेला आणि सत्ता त्याची बायको तेउता हिच्याकडे आली. तिच्या माणसांनी एपिरस या शेजारच्या ग्रीक प्रदेशातलं फिनिके शहर घेतलं, आणि घेतलं तेही तिथे पहाऱ्यावर असलेल्या 800 गॉल भाडोत्र्यांना फितवून. त्याच सुमारास काही इटालियन व्यापारी लुटले गेले, काही मारले गेले. रोमने गायुस आणि लुसियुस कोरुंकानिउस हे दोन वकील पाठवले. तेउता तेव्हा इस्सा, म्हणजे आजच्या विस बेटाला वेढा घालून बसली होती. राज्याकडून रोमनांना उपद्रव होणार नाही हे बघते, असं ती म्हणाली; पण प्रजेने समुद्रावर खासगीत काय मिळवावं यात राजाने आड येण्याची आमच्याकडे रीत नाही. धाकट्या वकिलाने उत्तर दिलं की खासगी अन्यायाची सार्वजनिक शिक्षा देणं ही रोमची रीत आहे आणि तुमची रीत आम्ही सुधारायला लावू. परतीच्या वाटेवर त्याचा खून करवला गेला. इ.स.पू. 229 मध्ये रोमची 200 जहाजं, 20,000 पायदळ आणि 2,000 घोडदळ एड्रियाटिक ओलांडून आलं. कोर्किराचा, म्हणजे कोर्फूचा, तेउताने नेमलेला अधिकारी फारोसचा देमेत्रिअस रोमनांना जाऊन मिळाला. तेउता थोड्या माणसांनिशी रिझॉनला गेली. हे रिझॉन म्हणजेच रिसान. पुढच्या वसंतात तह झाला: खंडणी भरायची, बहुतेक इलिरिया सोडायचा, आणि लिस्सुसच्या (आजच्या अल्बेनियातल्या लेझेच्या) दक्षिणेला दोनपेक्षा जास्त नौका, त्याही निःशस्त्र, न्यायच्या नाहीत.

पॉलिबिअसच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा मान्यच करायला हवा. हा माणूस नसता तर तेउताबद्दल आपल्याला फारच थोडं कळलं असतं. तो आकडे देतो, ठिकाणं देतो, कारणं शोधतो. रिझॉनचं वर्णन तो करतो ते असं: लहान पण भक्कम, खुल्या समुद्रापासून आत, त्याच नावाच्या नदीवर. त्यातलं खुल्या समुद्रापासून आत असणं आजही जागेशी जुळतं. कोटोरचा उपसागर सुमारे 28 किलोमीटर आत शिरलेला आहे आणि आतल्या भागात जायचं तर वेरिगेच्या सामुद्रधुनीतून, जिची सर्वांत अरुंद रुंदी जेमतेम 340 मीटर आहे. एका रोमन पंचवल्ही जहाजावर 300 वल्हेकरी आणि 120 सैनिक असत. अशी जहाजं डोंगरांनी वेढलेल्या या पाण्यात ओळीने आत आणायची म्हणजे दोन्ही काठांवरून मारा झेलत यायचं. तेउता रिझॉनलाच का गेली याचं उत्तर नकाशातच आहे.

पण हाच पॉलिबिअस कोण होता? तो अकियन संघातला, म्हणजे दक्षिण ग्रीसमधल्या नगरांच्या संघातला, मेगालोपोलिसचा, राजकारणी घरातला. इ.स.पू. 167 मध्ये रोमने जे हजारभर अकियन ओलीस नेले त्यात तो होता, आणि त्याने हे प्रकरण लिहिलं ते घटनेनंतर सत्तर-ऐंशी वर्षांनी, रोमन सरदारांच्या सहवासात. त्याच्या संघाचं या इलिरियनांशी जुनं वैर होतं आणि त्या वैराची जागा त्याने स्वतःच दाखवून दिली आहे. कोर्किराला सोडवायला अकियन आणि एटोलियनांनी 10 जहाजं पाठवली, तेव्हा पाक्सोस बेटाजवळ गाठ पडली. इलिरियनांची नाव म्हणजे लेम्बोस: हलकी, कमी उंचीची, वेगवान, एकेरी वल्ह्यांची, वल्हेकऱ्यांशिवाय पन्नासेक लढवय्ये बसतील एवढी. मोठ्या जहाजाच्या कांस्याने मढवलेल्या टोकाची एक धडक तिला फोडायला पुरे. म्हणून त्यांनी काय केलं, तर चार-चार लेम्बोस एकमेकींना बांधल्या आणि शत्रूपुढे मुद्दाम आडव्या धरल्या. शत्रूचं जहाज धडक मारी, पण त्याचं टोक त्या चौकडीच्या वजनात अडकून पडे. हलता येईना, मागे घेता येईना. मग बांधलेल्या नावांवरची सगळी माणसं एकदम उड्या मारून त्या डेकवर चढत. या डावाने त्यांनी चार चौवल्ही जहाजं जिवंत पकडली आणि एक पंचवल्ही सगळ्या माणसांसकट बुडवली. त्या बुडालेल्या जहाजावर कॅरिनियाचा मार्गोस होता, अकियन संघाच्या उभारणीतला ज्येष्ठ माणूस, ज्याच्या निष्ठेची पॉलिबिअस आवर्जून स्तुती करतो. आपल्या माणसांना बुडवणाऱ्यांबद्दल तो लिहितो की इलिरियन हे कुणा एकाचे शत्रू नव्हते, सगळ्यांचेच शत्रू होते. हे वाक्य आज पुराव्यासारखं फेकलं जातं. लिहिणाऱ्याचं सुतक विचारात न घेता ते का वाचायचं?

दुसरी अडचण याहून मोठी आहे. तीच घटना अॅपिअन हा दुसरा ग्रीक इतिहासकार वेगळी सांगतो. त्याच्या हकिकतीत इस्साच्या लोकांनी रोमकडे मदत मागितली, रोमचे वकील इस्साच्या वकिलासह निघाले, आणि आग्रॉनच्या नावांनी त्यांना वाटेतच गाठून कोरुंकानिउस आणि इस्साचा वकील क्लीम्पोरोस यांना मारलं. म्हणजे तेउतासमोर भाषण नाही, उद्धट उत्तर नाही, सूडबुद्धीने करवलेला खून नाही. आग्रॉन तर तेव्हा जिवंतच आहे. अॅपिअन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, बराच उशिराचा, त्यामुळे त्याचंच खरं असं मी म्हणत नाही. पण दोन प्राचीन लेखक युद्धाच्या मूळ कारणावरच एकमेकांशी जुळत नसतील, तर ‘इतिहास असं सांगतो’ हे वाक्य कुठल्या बळावर उच्चारायचं? पॉलिबिअसला तो प्रसंग हवा होता कारण त्यातून त्याचं मत सिद्ध होतं: बाईच्या जातीला शोभेल अशी अदूरदृष्टी आणि रागाच्या भरात केलेला अविचार. हे शेरे त्याचेच आहेत आणि ते माहितीत मोडत नाहीत.

चाचेगिरीच्या आरोपाचंही असंच. मराठी वाचकाला हा शब्द जपून वापरायचं वेगळं कारण सांगायला नको. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत कान्होजी आंग्रे ‘पायरेट’ आहेत. कोकणच्या समुद्रात दस्तक घेऊन जावं, न घेतल्यास जहाज धरू, ही त्यांची भूमिका आणि कंपनीने स्वतःच्या परवान्यांसाठी घेतलेली भूमिका यांत तत्त्वाचा फरक नव्हता. फरक नंतर कागद कुणाचे टिकले यात होता. तेउताचं उत्तर या अंगाने वाचलं तर त्यात राज्याची नौका आणि प्रजेची नौका यांतला भेद मांडणारी, आपल्या राजाच्या अधिकाराची सीमा सांगणारी राज्यकर्ती दिसते. शिवाय त्या काळी लूट ही इलिरियनांची एकट्याची मक्तेदारी नव्हती. एटोलियन लोक युद्धात नसतानाही दोन्ही बाजूंची लूट करणं हा हक्क समजत, आणि हे सांगणारा पुन्हा पॉलिबिअसच आहे. एटोलियनांची ओळख मात्र फक्त ‘चाच्यांचं राष्ट्र’ एवढीच उरली नाही; त्यांची भाषा ग्रीक होती आणि त्यांच्याकडे संघ, सभा, शिलालेख होते.

असं असलं तरी तुलना एका मर्यादेपर्यंतच ताणावी. इलिरियन नौकांनी दक्षिण ग्रीसमधल्या एलिस आणि मेसेनियाचा किनारा वर्षानुवर्षं लुटला. तिथून पकडून नेलेल्या माणसांना गुलामगिरीच वाट्याला येई. फिनिकेच्या लोकांनी किंवा त्या इटालियन व्यापाऱ्यांच्या घरच्यांनी तिला वीरांगना म्हटलं नसतं, आणि त्यांचं म्हणणंही इतिहासाचाच भाग आहे. मी एवढंच म्हणतो की ‘चाचे’ हा शब्द वर्णन म्हणून कमी आणि निवाडा म्हणून जास्त वापरला गेला, आणि तो निवाडा अमलात आला तेव्हा त्याचा परिणाम काय झाला तेही त्याच दमात सांगायला हवं. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो: रोमनांनी आर्डियनांना समुद्रापासून हटवून आत डोंगराळ भागात नेलं आणि शेती करायला भाग पाडलं. जमीन खडकाळ, नापीक, शेतीला निरुपयोगी. ती जमात जवळजवळ नामशेष झाली. समुद्रावर जगणाऱ्यांना समुद्र बंद केला की काय होतं, हे त्या चार ओळींत आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे. तिचाही सगळ्यात मजबूत मुद्दा आधी मान्य करतो: इलिरियनांनी स्वतःबद्दल काहीच लिहून ठेवलं नाही. त्यांच्या भाषेतला एकही निर्विवाद शिलालेख मिळालेला नाही. त्यामुळे त्यांच्याबद्दल जे काही लिहिलं आहे ते परक्यांनी, बहुतेकदा शत्रूंनी. अशा लोकांच्या बाबतीत ‘लेखी पुरावा दाखवा’ असा हट्ट धरणं म्हणजे पुन्हा रोमच्याच न्यायालयात खटला चालवणं. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे. पण त्यातून ‘म्हणून आमची आख्यायिका खरी’ हा निष्कर्ष निघत नाही. रिकामी जागा पाहिली की ती आपल्या इच्छेने भरून काढायचा मोह किती जबर असतो, याचं उत्तम उदाहरण म्हणजे अल्बेनियात श्कोद्राजवळच्या काल्याया दाल्मात्सेस इथे सापडलेली अंगठी. तिच्यावरच्या अक्षरांच्या तीन ओळी विद्वानांनी इलिरियन भाषेतलं, देवीला उद्देशून केलेलं अर्पण म्हणून वाचल्या. मोठा आनंद झाला, अखेर इलिरियन वाक्य सापडलं. मग कोणीतरी ओळींचा क्रम आणि दिशा बदलून वाचून पाहिलं, तर ते निघालं सरळ बायझन्टाइन ग्रीक: ‘प्रभो, अ‍ॅनाला साहाय्य कर.’ त्या अंगठीने फसवलं नव्हतं. वाचणाऱ्यांना जे हवं होतं तेच त्यांनी वाचलं.

वंशाच्या दाव्यांमध्ये हेच सतत घडत आलं आहे. नेपोलियनने 1809 ते 1813 या काळात ‘इलिरियन प्रांत’ नावाचा कारभार चालवला. 1830च्या दशकात झाग्रेबमध्ये क्रोएशियन लेखक ल्युदेवित गाय आणि त्याच्या सोबत्यांनी दक्षिण स्लाव्हांच्या ऐक्यासाठी ‘इलिरियन’ हे नाव घेतलं, आणि 1843 मध्ये हॅब्सबर्ग सरकारने त्या नावावर बंदी घातली. म्हणजे त्या काळात इलिरियन असणं हा स्लाव्हांचा दावा होता. विसाव्या शतकात तोच दावा अल्बेनियाकडे गेला. कम्युनिस्ट नेता एन्वर होजाच्या राजवटीत तो सरकारी सिद्धान्त झाला, आणि तेउता, आग्रॉन, गेन्ती, बार्धिल ही मुलांची नावं होऊन बसली. अल्बेनियन भाषा बाल्कनमधल्या कुठल्यातरी प्राचीन भाषेतून आली हे नक्की, आणि ती भाषा इलिरियन असण्याची शक्यता गंभीरपणे मांडली जाते. पण तुलना करायला इलिरियनची वाक्यंच नाहीत. हाती आहेत माणसांची आणि ठिकाणांची नावं, आणि इतरांनी टिपलेले मोजके शब्द. एवढ्यावर भाषाशास्त्र सावध अंदाज बांधू शकतं. राष्ट्रवादाला सावध अंदाज चालत नाही. त्यातही ‘इलिरियन’ नावाचं एक अखंड राष्ट्र कधी होतं का, हाच मूळ प्रश्न आहे. रोमन लेखक प्लिनी ‘ज्यांना खरोखर इलिरियन म्हणतात’ अशी एक छोटी जमात वेगळी नोंदवतो. बाकी सगळ्यांना ते नाव ग्रीकांनी आणि नंतर रोमच्या कारभाराने दिलं.

आणि रिसानच्या लोकांनी स्वतः काय केलं? हा प्रश्न वारसा सांगणारे विचारतच नाहीत. तेउतानंतर साठ वर्षांनी, इ.स.पू. 168 मध्ये, इलिरियाचा शेवटचा राजा गेन्तिउस रोमविरुद्ध उभा राहिला आणि महिनाभरात श्कोद्रामध्ये शरण आला. युद्धानंतर रोमने कोणाला काय दिलं याची यादी रोमन इतिहासकार लिवी देतो. बाकीच्या इलिरियनांना राजाला देत होते त्याच्या निम्मा कर. पण काही गावांना पूर्ण करमाफी, आणि त्यांत रिझॉनच्या लोकांचं नाव आहे. कारण स्पष्ट लिहिलेलं आहे: गेन्तिउस अजून हरला नव्हता तेव्हाच ते रोमच्या बाजूला गेले. ज्या गावाला आज इलिरियन प्रतिकाराचा शेवटचा बुरूज म्हणून मिरवलं जातं, ते गाव गेन्तिउसच्या युद्धात राजाला सोडून गेलं. यात त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. 1756 मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे यांचं आरमार जळलं तेव्हा समुद्रावर इंग्रजांचा वॉटसन होता, जमिनीवरून क्लाइव्ह होता, आणि सोबत पेशव्यांचं सैन्यही होतं. त्या वेळी तिथे असलेल्यांनी आपापल्या हिताचा, भीतीचा, जुन्या हिशोबांचा विचार केला. त्यांच्यावर नंतरच्या काळाची राष्ट्रभावना लादली की त्यांचं वागणं फक्त ‘फितुरी’ म्हणून उरतं, आणि समजायचं राहून जातं.

आता उडीची गोष्ट. कुठल्याही प्राचीन लेखकाने ती सांगितलेली नाही. पॉलिबिअसच्या लेखी तेउता तह करते आणि कथेतून निघून जाते. पुढे फारोसचा देमेत्रिअस आग्रॉनचा मुलगा, बालराजा पिनेस याचा पालक म्हणून दिसतो, आणि पिनेसची आई त्रितेउता हिच्याशी त्याने लग्न केल्याचं रोमन काळातला इतिहासकार डिओ सांगतो. ग्रंथ गप्प होतात नेमकी तिथेच गावची गोष्ट सुरू होते. ती तेव्हापासून तोंडोतोंडी चालत आली असेल का? मला हे फार कठीण वाटतं. रिसानमध्ये रोमन वसाहत झाली, सातव्या शतकाच्या सुमारास स्लाव्ह आले, मग मध्ययुगीन राज्यं, ऑटोमन अंमल, व्हेनिस, ऑस्ट्रिया. भाषा दोनदा तरी पूर्ण बदलली. एवढ्या उलथापालथीत एका राणीचं नेमकं नाव टिकून राहण्यापेक्षा, पॉलिबिअस वाचलेल्या कुणा शिकलेल्या माणसाकडून ते गावात परत आलं आणि कड्याशी जोडलं गेलं, ही शक्यता मला कितीतरी जास्त वाटते. म्हणजे ज्या आख्यायिकेला ग्रंथांच्या विरोधात उभं केलं जातं, तिचं बीज बहुधा ग्रंथातूनच पडलेलं आहे.

बुडालेल्या नगराची गोष्ट वेगळी आहे आणि ती सरसकट बाजूला सारणं चूक ठरेल. तेउताचा सोन्याचा महाल पाण्याखाली नाही, हे उघड आहे. पण या किनाऱ्याला पाण्याखाली गेलेल्या बांधकामांची आठवण असायला भक्कम कारणं आहेत. एड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्यावर रोमन काळातले धक्के आणि मत्स्यकुंडं आज ठिकठिकाणी पाण्याखाली एक-दोन मीटरवर आढळतात; समुद्राची पातळी चढली आणि जमीनही खचली. शिवाय भूकंप आहेत. 1667च्या भूकंपाने डुब्रोव्निक उद्ध्वस्त केलं आणि कोटोरलाही तडाखा दिला. 15 एप्रिल 1979 रोजी हा सगळा उपसागर पुन्हा हादरला. त्यात पाण्याचं विलक्षण वागणं. रिसानच्या डोक्यावर ओर्येनमध्ये त्स्रक्वित्से नावाची जागा आहे, तिथे वर्षाला सरासरी साडेचार ते पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. युरोपात नोंदल्या जाणाऱ्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांत ती आहे. हा पाऊस चुनखडीत जिरतो, पृष्ठभागावर नदी होत नाही. उन्हाळ्यात गावाजवळची सोपोतची गुहा कोरडी असते. मोठ्या पावसानंतर तिच्या तोंडातून पाण्याचा लोंढा फुटतो आणि थेट उपसागरात कोसळतो. डोंगरातून अचानक पाणी फुटतं, किनारा हळूहळू बुडतो, जमीन हादरते: इथे बुडालेल्या शहराची गोष्ट न जन्मती तरच नवल. ती तेउताबद्दल काही सांगत नाही, जागेबद्दल पुष्कळ सांगते.

या सगळ्या गदारोळात जी गोष्ट खरोखर रिसानच्या माणसाच्या तोंडची आहे, ती मात्र कुणी सांगत नाही. अल्जीरियातल्या लांबाएसिस इथे रोमच्या तिसऱ्या ऑगुस्ता पलटणीचा तळ होता. मार्कस ऑरेलियसच्या काळात त्या पलटणीचा सेनापती होता रिसिनिउमचा, म्हणजे रिसानचा. त्याने तिथे आफ्रिकेत आपल्या गावच्या देवाला मूर्ती अर्पण केली आणि पद्यात लेख कोरवला. देवाचं नाव मेदाउरुस. तो घोड्यावर बसलेला आहे, हातात भाला आहे. तो रिसिनिउमच्या ‘एआकसच्या तटबंदीत’, दाल्मातियाच्या गडावर राहतो, आणि तो आमच्या लोकांचा घरदेव आहे, असं त्या लेखात म्हटलं आहे. बघा, यात किती आहे. देवाचं नाव ना ग्रीक ना लॅटिन, स्थानिक. कविता लॅटिन. गावाच्या भिंतींना जोडलेलं कूळ ग्रीक पुराणातलं, अकिलीझच्या आज्याचं. आणि हे सगळं एकाच माणसाला अजिबात विसंगत वाटत नाही. तो रोमचा सेनापती आहे आणि रिसानचा भक्तही आहे. कड्यावरून उडी घेणाऱ्या राणीपेक्षा हा माणूस त्या गावाच्या प्राचीन मनाबद्दल शंभरपट जास्त सांगतो. पण तो हरला नाही, बंडही केलं नाही, म्हणून कुठल्याच बाजूला त्याचा उपयोग नाही.

तीच गत बलाइओस राजाची. या राजाचं नाव एकाही प्राचीन ग्रंथात नाही. आख्यायिकेतही नाही. तो कळतो फक्त नाण्यांवरून: एका बाजूला राजाचं मस्तक, दुसऱ्या बाजूला ग्रीक देवी आर्टेमिस, ग्रीक अक्षरांत नाव. ही नाणी रिसानमध्ये आणि ह्वार बेटावर, म्हणजे जुन्या फारोसवर सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने, जो पुढे क्रीटमधल्या क्नोसोसच्या उत्खननामुळे प्रसिद्ध झाला, रिसानमध्ये ती गोळा केली आणि अभ्यासली. पण बरीचशी नाणी गावकऱ्यांच्या हातून आलेली, म्हणजे कुठल्या थरातली, कशाशेजारची, हे गेलेलं. परिणाम असा की शतकभर हा राजा इ.स.पू. दुसऱ्या शतकातला धरला गेला, तेउता आणि गेन्तिउस यांच्याही नंतरचा. वॉर्सा विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांना 2010 मध्ये रिसानमध्ये त्याच्या साडेचार हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला, तोही जागच्या जागी. त्यानंतर उत्खनन करणाऱ्यांनी त्याचा काळ मागे, तिसऱ्या शतकात, तेउताच्या जवळपास नेला. यावर सगळ्यांचं एकमत नाही. पण वाद आता पुराव्यावर होतो आहे, आणि तो निकाली निघाला तर इलिरियन राज्याचा सगळा नकाशा नव्याने काढावा लागेल: एकच राजघराणं होतं की शेजारी-शेजारी दोन?

म्हणूनच वारशाचं प्रेम खरं असेल तर ते मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्यांना थांबवण्यात दिसलं पाहिजे. रिसानसारख्या जागी वरून ओढे माती आणि दगड आणत राहतात, त्यामुळे वरच्या थरात मिळालेलं नाणं डोंगरावरून वाहत आलेलं असू शकतं आणि त्यावरून त्या थराचा काळ ठरवता येत नाही. खात्रीचा पुरावा म्हणजे बंद संदर्भ: फरशीखाली, मडक्यात, जळलेल्या छपराच्या थराखाली. तिथलं नाणं सोबतच्या भांड्यांवरून आणि कोळशावरून काळ देतं. साठा अखंड असेल तर ठशांचा अभ्यास करता येतो: साच्याला गेलेला बारीक तडा नाण्यागणिक वाढत जातो, आणि त्या तड्यावरून कुठलं नाणं आधी पडलं, कुठलं नंतर, हे लावता येतं. साठा फुटून दहा विक्रेत्यांकडे गेला की ही साखळी तुटते. वर कोणी अॅसिडने किंवा तारेच्या ब्रशने ‘चमकवलं’ तर हिरवा थर जातो, कडा जातात, तडाही जातो. नाणं दिसलं तर उचलू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा, जागा नोंदवावी, माती परत झाकावी आणि संग्रहालयाला कळवावं.

आणि आख्यायिकेचं काय करायचं? तीही सापडलेल्या वस्तूसारखीच नोंदवावी. कोणी सांगितली, त्यांचं वय काय, त्यांनी ती कोणाकडून ऐकली, शाळेत वाचली की घरी, कुठला कडा दाखवला, दुसऱ्या घरात तीच गोष्ट वेगळी सांगतात का. जुनी प्रवासवर्णनं, चर्चचे कागद, शालेय पुस्तकं चाळून ती पहिल्यांदा कधी छापली गेली ते शोधावं. लिप्सीच्या कड्यावर फलक जरूर लावावा, उडीची गोष्टही त्यावर लिहावी, आणि तिच्या खाली ती पहिल्यांदा नोंदवली गेल्याचं साल लिहावं. रिसानमधल्या फलकावर पॉलिबिअसचं वाक्य असेल तर त्याखालीही लिहावं: अकियन इतिहासकार, घटनेनंतर सुमारे पाऊण शतकाने, शेजारी अॅपिअनची वेगळी हकिकत. मेदाउरुसच्या त्या पद्याचं भाषांतर तिथेच लावावं. बलाइओसच्या नाण्याचा मोठा फोटो लावून त्याखाली दोन्ही कालनिश्चिती द्याव्यात. ‘इलिरियन म्हणजे आजचे अमुक’ असं वाक्य मात्र एकाही फलकावर नको, मग ते कुठल्याही भाषेत आणि कुठल्याही सरकारच्या खर्चाने लिहिलेलं असो.